देवाने बोलावलंय पण वेळ आली नाही, अशा काळात यूव्हर्जन बायबल अ‍ॅप: माझा रिव्ह्यू

ह्या अ‍ॅपवर लोकांनी भरपूर लिहिलंय, फॉन्ट कसाय, डार्क मोड आहे का, ऑडिओ चांगला आहे का वगैरे, त्यामुळे ते मी परत लिहीत नाही. मी लिहितेय ते अशा लोकांसाठी ज्यांना आतून पक्कं ठाऊक आहे की देवाने आपल्याला एका कामासाठी बोलावलंय, प्रार्थनेत ते कळलंय, मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडील माणसांनीही ते ओळखलंय, आणि तरीही दार अजून उघडलेलं नाही. माझं पाचारण कर्णबधिर लोकांमध्ये वचन पोचवायचं आहे. सध्या घरी आजारी माणूस आहे, त्याची सेवा माझ्याकडे आहे, त्यामुळे पूर्ण वेळ त्या कामात उतरणं शक्य नाही, म्हणून सांकेतिक भाषा शिकतेय आणि वचन वाचतेय. ह्या काळात रोज हातात असतं ते हे अ‍ॅप, तर ते ह्या एका कामासाठी किती उपयोगी आहे एवढंच सांगते.

थोडक्यात माहिती: अ‍ॅप २००८ पासून आहे, अमेरिकेतल्या लाइफ डॉट चर्च ह्या मंडळीने बनवलंय, फुकट आहे, मधेमधे जाहिराती येत नाहीत. मराठी पवित्र शास्त्र आहे, नोट्स लिहिता येतात, वचन हायलाइट करता येतं, प्रार्थनेची यादी ठेवता येते आणि वाचनाचे प्लॅन असतात, थोड्या दिवसांच्या एखाद्या विषयावरच्या प्लॅनपासून ते वर्षभरात पूर्ण बायबल वाचायच्या प्लॅनपर्यंत.

आता मुद्द्याचं. वाट बघणाऱ्या माणसाला ह्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात आधी काय दिसतं तर रोजचं एक वचन, छान फोटोवर लिहिलेलं, शेअर करायला तयार. आणि आपल्यासारख्यांच्या स्टेटसवर सगळ्यात जास्त फिरणारं वचन म्हणजे यिर्मया २९:११, देवाने तुमच्याविषयी केलेले संकल्प हिताचे आहेत आणि तुम्हाला भविष्य आणि आशा आहे, हे. वाचून धीर येतो, खरंच येतो. पण माझी कळकळीची विनंती आहे की तिथे थांबू नका, त्या वचनातून आख्खा अध्याय उघडा, कारण तो अध्याय म्हणजे यरुशलेमहून बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं पत्र आहे आणि अकराव्या वचनाच्या बरोब्बर आधी, दहाव्यात, लिहिलंय की ७० वर्षं पूर्ण झाल्यावर. सत्तर! ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण परत जायच्या आधीच वारले असणार. आणि पाचव्यापासून सातव्या वचनापर्यंत देव त्यांना काय करायला सांगतो बघा, घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे सामान बांधून दाराशी बसू नका, जिथे आहात तिथे मुळं धरा. त्याच्या आधीच्या, अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे, तो लोकांना सांगत होता की दोन वर्षांतच सगळं परत मिळेल, आणि ते खोटं होतं. मला वाटतं आपल्यातल्या पुष्कळ जणांना हनन्याचा मेसेज आवडतो आणि आपण त्याच्यावर यिर्मयाचं नाव लावतो.

हे सगळं अ‍ॅपने शिकवलं असं मी म्हणत नाही, पण वचनावरून अध्यायावर आणि तिथून मागच्या अध्यायावर जायला बोटाचे दोन-तीन टॅप लागतात, जाड पुस्तक सगळीकडे नेता येत नाही, दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या हे होतं, ही सोय मोठी आहे. ह्यासाठी पूर्ण मार्क.

प्लॅनबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. 'धीर', 'देवाची वेळ', 'प्रतीक्षा' अशा विषयांवरचे छोटे प्लॅन असतात, चार-पाच दिवसांत संपतात, रोज एखाद-दोन वचनं आणि त्यावर एक लहानसा लेख. वाईट नाहीयेत, अगदी खचलेल्या दिवसात एखादा वाक्यावाक्याने धरून ठेवतो माणसाला. पण ज्यांच्या आयुष्यावर ते लिहिलेले असतात त्यांची वाट वर्षानुवर्षांची होती, ती चार दिवसांत वाचली की फक्त शेवट लक्षात राहतो. योसेफ १७ वर्षांचा होता तेव्हा स्वप्नं पडली आणि मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा ३० चा होता. छोट्या प्लॅनमध्ये पहिल्या दिवशी भावांनी टाकलेला तो खड्डा, दुसऱ्या दिवशी तुरुंग, तिसऱ्या दिवशी राजवाडा. आख्खं उत्पत्ती ३७ ते ४१ हळूहळू वाचलं की दिसतं की तुरुंगात भेटलेल्या राजाच्या प्यालेबरदाराला योसेफाने सांगितलं होतं माझी आठवण ठेव, आणि तो विसरला, आणि त्यानंतर पूर्ण दोन वर्षं गेली, त्या दोन वर्षांबद्दल पवित्र शास्त्रात एक ओळसुद्धा नाही. आणि हेही दिसतं की पोटीफर ह्या मिसरी सरदाराच्या घरात योसेफाकडे सगळा कारभार होता, तुरुंगातसुद्धा कैद्यांचा कारभार त्याच्याकडेच दिला होता, आणि शेवटी मिसरच्या धान्याचा कारभार, सात सुकाळाच्या वर्षांत साठवायचं आणि दुष्काळात वाटायचं. काम तेच होतं, फक्त मोठं होत गेलं. तुरुंगातला हिशोब ज्याने नीट ठेवला त्याच्या हातात देवाने देशाचा हिशोब दिला.

म्हणून माझा सल्ला असा की विषयाचे प्लॅन बाजूला ठेवा आणि एका माणसाचं आयुष्य सलग वाचा, अध्याय न गाळता, आणि नोट्स लिहीत जा. मी दावीद घेतला. १ शमुवेल १६ मध्ये त्याचा अभिषेक होतो, भावांच्या देखत तेल ओतलं जातं, आणि त्यानंतर तेव्हाचा राजा शौल निरोप पाठवतो तेव्हा तो कुठे असतो? मेंढरांकडे. अभिषेक झालेला राजा परत मेंढरं राखतोय! सतराव्या अध्यायातही तो शौलाकडून बापाच्या मेंढरांकडे ये-जा करतोय. त्याच मेंढरांपायी सिंह आणि अस्वल मारलं होतं म्हणून गल्याथ ह्या धिप्पाड पलिष्टी योद्ध्यापुढे तो घाबरला नाही, हे तो स्वतःच शौलाला सांगतो. मग शौल त्याच्या जिवावर उठतो, आणि गुहा, रान, पळापळ. चोविसाव्यात शौल त्याच्या हातात सापडतो, माणसं म्हणतात हाच तो दिवस, आणि दावीद फक्त झग्याचा काठ कापतो आणि त्याचंही त्याला वाईट वाटतं. सत्ताविसाव्यात मात्र तो थकलाय, मनात म्हणतो की कधीतरी मी शौलाच्या हातून मरणारच, आणि पलिष्ट्यांच्या, म्हणजे शत्रूच्याच, मुलखात जाऊन १ वर्ष ४ महिने राहतो. हा अध्याय मी कधी प्रवचनात ऐकला नव्हता. वाट बघून थकलेल्या माणसाने तो जरूर वाचावा, कारण त्यातही देवाने त्याला सोडलेलं नाही. शेवटी ३० व्या वर्षी तो राजा झाला, तोही आधी फक्त यहूदावर, हेब्रोनात साडेसात वर्षं, आणि मग कुठे सगळ्या इस्राएलावर.

इथे नोट्सचा खरा उपयोग होतो. स्तोत्र ५७ च्या वर लिहिलंय की शौलापासून पळून गुहेत असताना दावीदाने हे म्हटलं, ते मी १ शमुवेलच्या गुहेच्या अध्यायाच्या नोटमध्ये लिहून ठेवलं, स्तोत्र १४२ पण गुहेतलंच, ५४ वं जीफी लोकांनी शौलाकडे चुगली केली तेव्हाचं. असं जोडत गेलं की एकीकडे गोष्ट आणि दुसरीकडे त्याच माणसाची त्या वेळची प्रार्थना असं दोन्ही मिळतं. सिंहासन मिळायच्या आधी त्याच्याकडे गाणी तयार होती, आणि आज आपण त्याच्या राज्यकारभारापेक्षा त्या गाण्यांवर जास्त जगतो. नोट टाकताना ती फक्त स्वतःपुरती ठेवायची का मित्रांना दाखवायची ते निवडता येतं, तेवढं आधी बघून घ्या, कारण पाचारणाच्या बाबतीत काही गोष्टी देव आणि आपण एवढ्यातच राहिलेल्या बऱ्या असतात.

प्रार्थनेची यादी हे फिचर मी नहेम्या वाचल्यानंतर वेगळ्या पद्धतीने वापरायला लागले आणि मला वाटतं तयारीच्या दृष्टीने सगळ्या पवित्र शास्त्रात नहेम्याइतकं कामाचं पुस्तक दुसरं नाही. नहेम्या पारसच्या राजाच्या चाकरीत होता, यरुशलेमचा कोट पडलाय हे त्याला किसलेव ह्या यहूदी महिन्यात कळलं, तो बसून रडला, उपास केला, प्रार्थना केली. राजाने तुझं तोंड का उतरलंय असं विचारलं तो नीसान महिना, म्हणजे मधे साधारण चार महिने गेले. राजाने विचारलं तुला काय पाहिजे, तेव्हा त्याने मनात देवाची प्रार्थना केली आणि मग जे मागितलं ते ऐका, किती दिवस लागतील ती मुदत सांगितली, नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं मागितली, राजाच्या वनाचा राखणदार आसाफ ह्याच्या नावाने पत्र मागितलं आणि लाकूड कशाकशाला लागेल तेही सांगितलं, गढीच्या दरवाजांना, कोटाला आणि स्वतःच्या घराला. हे उभ्या उभ्या सुचत नाही कोणाला! चार महिने हा माणूस गुडघ्यावरही होता आणि विचारही करत होता. आणि कोट बांधून झाला ५२ दिवसांत. तर माझ्या यादीत आता 'प्रभू, दार उघड' एवढंच नसतं, दार उघडलं तर मला काय काय लागेल तेही असतं, कोण शिकवणार, कुठे बसणार, कोणाची परवानगी लागेल, मला अजून काय येत नाही. सांकेतिक भाषा नीट शिकायची हे त्या यादीतूनच ठरलं. तुमचं पाचारण वेगळं असेल, कोणाला तुरुंगात जाऊन सेवा करायची असेल, कोणाला पास्टर व्हायचं असेल, पण राजाने उद्या विचारलं तर तुमच्याकडे उत्तर तयार आहे का हे लिहून बघा.

एक गोष्ट मला खटकते, ती म्हणजे सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं त्याचा आकडा. काही लोकांना त्याने शिस्त लागते, मान्य आहे. पण वाट बघणाऱ्याचं मन आधीच आकडे मोजत असतं, माझं वय किती झालं, माझ्याबरोबरचे कुठे पोचले, त्यात हा आणखी एक आकडा कशाला. शमुवेल संदेष्टा येईपर्यंत थांबायचं होतं म्हणून गिलगालात शौल राजाने सात दिवस मोजले, शमुवेल आला नाही, लोक पांगायला लागले, म्हणून त्याने स्वतःच होमार्पण केलं आणि ते संपतंय तोवर शमुवेल येऊन उभा. दिवस मोजण्यात तो चुकला नव्हता, विश्वासात कमी पडला. मी त्या आकड्याकडे बघतच नाही, तुम्हीही बघू नका. प्लॅनमध्ये मागे राहिलात तर तारखा पुढे सरकवता येतात, खुशाल सरकवा.

दुसऱ्यांबरोबर मिळून प्लॅन वाचायची सोय चांगली आहे, आणि ही मी आवर्जून सांगते, कारण एकटं वाट बघणं फार जड जातं. आपल्या पाचारणाची आठवण दुसऱ्या कोणीतरी ठेवावी लागते. नव्या करारातल्या शौलाचा (राजा शौल नव्हे) पौल होण्याच्या काळात तेच झालं, दिमिष्काच्या रस्त्यावर त्याला प्रभू भेटला, मग अरबस्तान, परत दिमिष्क, तीन वर्षांनी यरुशलेम, आणि मग तो आपल्या गावी, तार्सला, गेला आणि प्रेषितांच्या कृत्यांमध्ये काही काळ त्याचं नावच नाही. त्याला शोधायला तार्सला कोण गेलं तर बर्णबा, मंडळीतलाच एक विश्वासी. त्याने त्याला अंत्युखियाला आणलं, वर्षभर दोघांनी मिळून तिथे शिकवलं आणि मग पवित्र आत्म्याने दोघांना कामासाठी वेगळं केलं. तुमच्या ओळखीत कोणी असं तार्सला बसलेलं असेल तर त्याला प्लॅनचं आमंत्रण पाठवा, आणि नुसतं आमंत्रण पाठवून थांबू नका, फोन करा. हे काम अ‍ॅप करू शकत नाही, मंडळीचं काम आहे ते. तसंच पास्टरशी बोलणं, आपलं पाचारण खरंच देवाकडून आहे का हे वडील मंडळींकडून पारखून घेणं, त्याची जागा कुठलंही अ‍ॅप घेणार नाही.

ऑडिओबद्दल एवढंच की हात कामात असताना ऐकायला बरं पडतं. मी निर्गम असंच ऐकलं, आणि मोशे कळप राखत राखत होरेब डोंगरापाशी पोचतो हे ऐकून काम थांबवून परत लावलं. ४० वर्षं तो त्या मिद्यानात होता, आणि नंतर मिसरातून सुटलेल्या लोकांना घेऊन तो त्याच डोंगरापाशी आला. त्या रानाची माहिती त्याला मेंढरांमागे फिरूनच झाली असणार.

तर माझ्याकडून पाचपैकी चार. मराठी वाचणाऱ्याला पवित्र शास्त्र, नोट्स आणि प्रार्थनेची यादी एका जागी मिळते ह्यासाठी चार, आणि एक कमी कारण मराठीत प्लॅन इंग्रजीच्या मानाने कमी आहेत आणि जे आहेत त्यात एका माणसाचं आयुष्य सावकाश, सलग वाचायला लावणारे मला फार सापडले नाहीत. मराठीत प्लॅन लिहिणारं कोणी हे वाचत असेल तर कृपा करून नहेम्यावर एक लिहा, चांगला लांब, पहिल्या दोन अध्यायांनाच आठवडाभर द्या, आणि रोजच्या वाचनाच्या शेवटी यादी करायला जागा ठेवा.