ट्रिम टॅबच्या गळक्या लाइनी: नायलॉन, प्रेशर होज की सरळ इलेक्ट्रिक?

बटण दाबलं की पंप घरघरतो, पण टॅब (बोटीच्या मागे खालच्या कडेला बसवलेली, बोटीचा तोल साधणारी हलती पट्टी) खाली जात नाही किंवा जाऊन पुन्हा वर येते. वेग धरला की बोट एका कुशीवर कलते. आणि बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्यावर लालसर तेलाचा तवंग. ही तिन्ही लक्षणं जुळली तर आधी पंपावर संशय घेऊ नका, ट्रान्समकडे (बोटीच्या मागच्या भिंतीकडे) जाणारी नळी बघा. बेनेट या ब्रँडसारख्या हायड्रॉलिक टॅबला प्रत्येक बाजूला एकच लाइन असते. तेलाचा दाब टॅब खाली ढकलतो, वर ओढायचं काम सिलिंडरमधली स्प्रिंग करते. त्यामुळे लाइनला केसाएवढी चीर गेली तरी टॅब खाली टिकत नाही.

पुण्याच्या बोटवाल्याची अडचण निराळी आहे. बोटीच्या सुट्या भागांचं दुकान हाताशी नाही, पण भोसरी-चाकणच्या कारखानदारीमुळे हायड्रॉलिक होज बनवून देणारे मात्र हवे तितके. त्यामुळे जे बसवायला हवं ते आणि जे सहज मिळतं ते, यांची गल्लत पटकन होते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फाटलेला तुकडा कापून मध्ये युनियन (दोन नळ्या जोडणारं फिटिंग) टाकणं. नळी धारेला घासून एकाच जागी कापली गेली असेल आणि बाकीची लवचीक असेल, तर चालतं. उन्हाने पिवळी पडून वाकवताना कडकड वाजणारी नळी असेल तर हा जोड म्हणजे महिनाभराची उधारी. पुढची चीर दुसरीकडे जाईलच.

मूळ नळीसारखी नवी नायलॉन नळी हा माझ्या मते बहुतेकांसाठी योग्य पर्याय. हलकी असते, गंजत नाही, आणि जुन्या नळीच्या टोकाला नवी बांधून ओढली की अरुंद जागेतूनही निघते. पण इथे पुण्यात हमखास फसायची जागा आहे. या टॅबची नळी पाव इंची, म्हणजे बाहेरून 6.35 मिलिमीटर. न्यूमॅटिकच्या (हवेच्या दाबाच्या सामानाच्या) दुकानात ‘पाव इंची द्या’ म्हटलं की बऱ्याचदा 6 मिलिमीटरची पुढे येते. हातात फरक कळत नाही, नट आवळला की बसल्यासारखीही वाटते, पण फेरूलची (नटाखाली नळीला आवळणाऱ्या कड्याची) पकड अपुरी राहते आणि दाबाखाली नळी सुटते. खरेदीला जाताना व्हर्नियर (जाडी मोजायचा कॅलिपर) खिशात असू द्या. मऊ, रंगीत पॉलियुरेथेन नळी आणि दाबून बसवायचे झटपट कनेक्टर हे हवेच्या लाइनीचे, साधारण 10 बार दाबाचे. तेलाला ते लावू नयेत.

नायलॉनमध्येही जाती आहेत. नायलॉन 6 पाण्यात राहून वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी शोषतो, नायलॉन 12 दीड टक्क्याच्या आसपासच. कायम ओल असलेल्या बिल्जमध्ये हा फरक छोटा नाही. नळीवर छापलेला दाबही वाचा. तो बहुधा साध्या तापमानाचा असतो, आणि मे महिन्यात ताडपत्रीखाली तापलेल्या बोटीत नायलॉनची ताकद बरीच उतरलेली असते.

आता भोसरीचा क्रिम्प केलेला (टोकाला फिटिंग दाबून बसवलेला) होज. दुकानदार म्हणेल, ‘साहेब, हा जेसीबीला चालतो, तुमच्या बोटीला काय होतंय!’ त्याचं चूक नाही. एका तारजाळीचा पाव इंची होज 225 बार घेतो, टॅबला त्याच्या जवळपासही लागत नाही. अडचण ताकदीची नाहीच. होज जाड, त्यामुळे जुन्या भोकातून जात नाही. पंप आणि सिलिंडर या दोन्ही टोकांना ॲडॉप्टर लागतात, म्हणजे गळायला नव्या जागा. वरचं रबर घासलं की आतली पोलादी तार गंजते, आणि टोकाचं झिंक चढवलेलं फिटिंग खाऱ्या हवेत त्याहून आधी. होजच हवा असेल तर कापडी विणीचा थर्माप्लास्टिक घ्या आणि फिटिंग 316 स्टेनलेसची. मग स्वस्ताईचा मुद्दा संपला. तांब्याची नळी कुणी सुचवली तर हसून पुढे जा. इंजिनाच्या थरथरीने ती कडक होत जाते आणि तडकते.

इलेक्ट्रिक टॅब मोहात पाडते. तेल नाही, गळती नाही, दिलेल्या कोनात गुपचूप उभी राहते. पण त्यासाठी ट्रान्समची जुनी भोकं बुजवायची, नवी पाडायची, वायरिंग ओढायचं, आणि सामान मागवायचं तर वर आयात शुल्क. ॲक्च्युएटरच्या (टॅब हलवणाऱ्या मोटरच्या नगाच्या) सीलमधून पाणी शिरलं की बहुधा अख्खा नगच बदलावा लागतो, नळी बदलण्याइतकं ते सोपं नाही. पंप आणि सिलिंडर दोन्ही मरणपंथाला लागले असतील तरच हा खर्च पटतो. नुसत्या नळीसाठी नाही.

बोट कुठे चालते त्यावरही ठरतं. खडकवासला, पानशेत ही शहराच्या पिण्याच्या पाण्याची धरणं. तिथे तेलाचा थेंबही आपल्याच नळाला येणारा, म्हणून जुना जोड ठेवून वेळ मारून नेऊ नये. गोडं पाणी असल्याने धातूला मात्र तिथे फार त्रास नाही. बोट ट्रेलरवरून ताम्हिणी उतरून मुरूड-श्रीवर्धनकडे जात असेल, तर घाटाच्या हादऱ्यांत नळी घासते. तिथे पैसे महाग नळीवर घालण्यापेक्षा बल्कहेडच्या (बोटीतल्या आडव्या भिंतीच्या) भोकाच्या कडेला बसणाऱ्या रबरी ग्रोमेटवर आणि दर हातभर अंतरावरच्या क्लिपांवर घाला.

नायलॉनवर शिक्कामोर्तब केलंत, तर एकच बाजू फाटली असली तरी दोन्ही बदला, दोघींचं वय एकच आहे. फेरूल नवेच वापरा, नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा, हॅकसॉने नको. टाकीत बेनेटला चालणारं एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घाला, ब्रेक ऑइल नाही. टॅब चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर केल्या की हवा टाकीत परतते आणि पातळी उतरते. तेवढं तेल पुन्हा भरा. मग टॅब खाली करून रात्रभर सोडा आणि सकाळी प्रत्येक नटाखाली टिश्यू पेपर फिरवा. कुठे लाल डाग उठला, तर तो नट पाव फेरा आवळा.