वेट माउथ : तोंडाला ओल, घशाला अर्धाच दिलासा

तोंड कोरडं पडणाऱ्यांसाठी कृत्रिम लाळ म्हणून आपल्याकडे जी मोजकी उत्पादनं मिळतात, त्यांत आयसीपीए कंपनीचं वेट माउथ जुनं आणि सरळसाधं. कामाचे घटक दोनच. ०.५ टक्के सोडियम कार्बोक्सिमिथिल सेल्युलोजमुळे द्रव लाळेसारखा बुळबुळीत होतो आणि ३० टक्के ग्लिसरीन ओल धरून ठेवतं. लाळग्रंथींना जाग आणणारं यात काहीच नाही, हे आधीच पक्कं समजून घ्यावं.

बाटली वाया जाते ती वापरण्याच्या पद्धतीमुळे. घोट घेतला, गिळला, वरून पाणी प्यायलं की थर धुऊन गेला! आधी साध्या पाण्याने चूळ भरून चिकट थुंकी काढा. मग २-३ मिली द्रव जिभेखाली, गालांच्या आत आणि टाळूला लागेल असा मिनिटभर घोळवा. त्यानंतर थोडा वेळ काही खाऊ-पिऊ नका. कवळी वापरणाऱ्यांनी वरच्या कवळीच्या आतल्या बाजूलाही थोडं लावावं, पकड सुधारते. असर अर्धा-पाऊण तास धरा, सतत बोलणाऱ्यांना त्याहून कमी. चव गोडसर आहे आणि ग्लिसरीनमुळे नंतर तोंड किंचित चिकट वाटतं. रात्रीसाठी दाट जेल बरं. झोपेत लाळ जवळपास थांबते आणि द्रव तेवढा टिकत नाही.

आता घशाचं. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ आपण गिळतो. तिच्यातलं बायकार्बोनेट पोटातून वर आलेलं आम्ल मारतं. लाळ आटली की ते आम्ल घशाला जास्त वेळ झोंबतं, कफ घट्ट होतो, माणूस सारखा खाकरतो आणि खाकरून घसा आणखी सुजतो. वेट माउथच्या या दोन घटकांत आम्ल मारण्याची ताकद नाही. म्हणून कोरडी जीभ सुखावते, पण घशात अडकल्यासारखं वाटणं तसंच राहतं.

त्यामुळे कारण शोधल्याशिवाय बाटल्यांमागून बाटल्या आणू नयेत. नाक चोंदल्याने तोंडाने श्वास घेणं, सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी), अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावरचं औषध), डोक्या-मानेचं रेडिएशन, शोग्रेन आजार (यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळग्रंथींवर उलटते) ही नेहमीची मंडळी. (घसा खवखवतो म्हणून घेतलेली ॲलर्जीची गोळीच घसा सुकवते, हा प्रकार सर्रास दिसतो. तरी गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) घरच्या घरी अंदाज हवा असेल तर ५ मिनिटं न गिळता लाळ वाटीत जमू द्या आणि सुईविना सिरिंजने मोजा. ०.५ मिलीपेक्षा कमी भरली तर दाखवायलाच हवं.

साखरेच्या खोकल्याच्या गोळ्या चघळत बसणं मात्र महागात पडतं: लाळ नसताना दात झपाट्याने किडतात. जिभेवर खरवडून निघणारे पांढरे डाग म्हणजे बहुधा बुरशी, तिला वेगळं औषध लागतं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.