शाळेच्या केक स्टॉलसाठी घेतलेले कागदी बार मोल्ड, वापरून झाल्यावर सांगते

सांगलीच्या गणपती पेठेतून आणलेले ब्राऊन कागदी बार मोल्ड, सहा इंच लांबीचे, ४० नग २०० रुपयांना. माझ्याकडून ५ पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगतेच.

मुलीच्या शाळेत जानेवारीत आनंद बाजार असतो आणि यंदा त्याचे सगळे पैसे वाचनालयाला जाणार होते, पुस्तकं आणि ती ठेवायला एक लोखंडी कपाट. पालकांच्या ग्रुपवर कोण काय करणार ते लिहायला लागले, भेळ झाली, मिसळ झाली, भडंग तर सांगलीत असायलाच पाहिजे, केकपुढे कुणाचंच नाव नव्हतं म्हणून मी माझं टाकलं. आणि मग हिशेब करायला बसले तर घरात केकचे टिन दोन, ओव्हन २८ लिटरचा, आणि केक लागणार तीसेक. टिनमध्ये केक केला की तो गार होईपर्यंत टिन अडकून पडतो, मग सुरीने कडा सोडवा, उलटा करा, टिन घासा, पुसा, परत तेल लावून मैदा भुरभुरवा, असं तीस वेळा करायचं म्हणजे दोन रात्री गेल्या असत्या.

हे मोल्ड म्हणजे जाड कागदाचा खोकाच असतो. मिश्रण त्यातच ओतायचं, त्यातच भाजायचं आणि गार झालं की त्याच्यासकट विकायचं. तेल लावायला नको, बटर पेपर कापायला नको, केक नेताना मोडत नाही. स्टॉलसाठी यापेक्षा सोयीचं मला तरी काही दिसलं नाही.

पण कागद बघून घ्या हो. मी आधी ऑनलाईन मागवले होते, २५ नगांचं पाकीट, फोटोत छान दिसत होते. हातात आल्यावर कागद अगदी पातळ, मिश्रण ओतलं की बाजू पोट फुगल्यासारख्या बाहेर आल्या आणि केक बारसारखा न होता होडीसारखा झाला, शिवाय तळाला तेलाचा डाग पार ट्रेपर्यंत. ते सगळे घरी खायच्या केकला वापरून संपवले. मग गणपती पेठेत पॅकिंगचं आणि बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानात गेले, तिथल्या काकांनी दोन प्रकार काढून समोर ठेवले आणि म्हणाले, "ताई, रंग बघू नका, काठ बघा." चांगल्या मोल्डचा वरचा काठ बाहेर गुंडाळलेला असतो, चारही बाजूंनी. अंगठ्याने कोपरा आत दाबला तर सोडल्यावर तो परत सरळ होतो. पातळवाला दाबला तसाच राहिला. पाकिटावर २२० डिग्रीपर्यंत चालतं असं छापलेलं आहे तेही बघून घेतलं, आपला केक १८० ला होतो त्यामुळे काळजी नाही.

आता केक कुठला करायचा. प्रीमिक्सची चौकशी केली, सोपं आहे पण एका बारचा खर्च वाढतो आणि चव सगळ्यांची एकच लागते. क्रीमचा केक उन्हात मांडून बसायला नको वाटला. शेवटी आईचा रवा केकच केला, बिनअंड्याचा, म्हणजे घेणाऱ्याला विचारायलाच नको. चार बारसाठी दीड कप बारीक रवा, अर्धा कप मैदा, एक कप पिठीसाखर, एक कप दही, पाऊण कप दूध, अर्धा कप तेल, वेलची. हे कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं म्हणजे रवा फुगतो, ही अर्ध्या तासाची घाई करू नका, नाहीतर केक खाताना दाताखाली कचकच लागतं. फुगल्यावर घट्ट झालं तर थोडं दूध घालायचं. मग अगदी शेवटी एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा, आणि लगेच मोल्डमध्ये. दह्यातल्या आंबटपणाने सोडा मिसळला की त्याच क्षणी गॅस सुटायला लागतो, तुम्ही फोन घ्यायला गेलात तर तो गॅस भांड्यातच निघून जातो आणि केक बसका होतो. म्हणून आठ घाण्यांचं मिश्रण एकदम केलं तरी सोडा मात्र ज्या घाण्याला ओव्हनमध्ये जायचंय तेवढ्यातच घालायचा. बेकिंग पावडर जुनी असेल तर आधी चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर नवीन आणा, त्या दहावीस रुपयांत पूर्ण घाणा वाया जायचा वाचतो.

तेल मुद्दाम घेतलं, लोणी नाही. स्वस्त तर आहेच पण थंडीत लोण्याचा केक सकाळी घट्ट होऊन बसतो, तेलाचा मऊ राहतो, आणि आमचा स्टॉल सकाळी नऊला लागणार होता.

आणि बेदाणे. आपल्याकडे राहून केकात टुटीफ्रुटीच घालायची हे मला पटत नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तासगावचे बेदाण्याचे सौदे सगळ्यांना माहीत आहेत, आणि घरोघरी डब्यात बेदाणा असतोच. मूठभर बेदाणे धुवून, कोरडे पुसून, चिमूटभर मैद्यात घोळवून घ्यायचे. मैद्याचा पातळ थर बसला की ते मिश्रणात धरून राहतात, नाहीतर सगळे तळाला जाऊन कागदाला चिकटतात. अर्धे आत आणि अर्धे वरून टाकले, वरचे भाजून थोडे फुगतात आणि दिसायलाही बरं दिसतं.

मोल्ड दोन तृतीयांशच भरायचा. मी पहिल्या घाण्यात जास्त भरला आणि तो काठावरून उतू गेला, ट्रेवर पडून जळला, वास सगळ्या घरात. ओव्हन दहा मिनिटं आधी तापवून १८० ला पस्तीस मिनिटं, मग मधोमध सुरी घालून बघायची, कोरडी आली की झालं. चार मोल्ड एका ट्रेवर, मध्ये बोटभर जागा सोडून, चिकटवून ठेवले तर आतल्या बाजू पांढऱ्या राहतात.

पाचव्या घाण्याला लाईट गेली. केक ओव्हनमध्ये जाऊन बारा मिनिटं झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "दार उघडू नकोस, मी कढई तापवते." त्यांनी जाड बुडाची मोठी कढई काढली, तळाला मीठ पसरलं, त्यावर कुकरची जाळी, जाळीवर ताटली आणि ताटलीत मोल्ड, कागद कुठेही कढईला टेकणार नाही असे. दोनच बसले. उरलेले दोन परातीत ठेवले आणि लहान गॅसवर तीच गत. झाकण, मंद आच, चाळीस मिनिटं. परातीतला एक खालून करपला, बाकी तिन्ही मधे किंचित बसले पण आतून शिजले आणि चवीला काही फरक नव्हता. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी कढईत हे मोल्ड बिनधास्त वापरा, फक्त ताटली घालायला विसरू नका.

खर्च लिहिते कारण ग्रुपवर सगळ्यांनी तोच विचारला. चार बारच्या घाण्याला रवा, मैदा, साखर, तेल, दूध, दही, बेदाणे सगळं मिळून ९० रुपयांच्या आसपास, मोल्डचे २०, म्हणजे एक बार साडेसत्तावीसला पडला, लाईटबिल धरून तीस म्हणा. सामान आम्ही पाच जणींनी वाटून आणलं होतं, त्यामुळे विक्रीतला रुपया न् रुपया शाळेला गेला. ३२ बार केले, एक करपलेला बाजूला. २० अख्खे गेले ६० रुपयांनी, ११ कापून सहा सहा फोडी केल्या, फोड १० रुपये. एकूण १,८६० रुपये आमच्या टेबलावर जमले. फोडी ठेवणं फार गरजेचं आहे हो, कारण मुलांच्या हातात दहाचंच नाणं असतं. दुसरीतला एक मुलगा टाचा उंच करून टेबलावर हनुवटी टेकवून सगळ्या फोडी बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, जास्त बेदाणेवाली द्या." त्याला शोधून दिली, पाच बेदाणे होते, त्याने मोजले.

फोडी कशावर द्यायच्या यावरून थोडी चर्चा झाली, एकीने घरून पेपरची रद्दी कापून आणली होती. मी नको म्हटलं. छपाईच्या शाईत शिशासारखे धातू असू शकतात आणि तेलकट पदार्थाला ती पटकन लागते, एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्येसुद्धा वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ देऊ नका म्हणून सांगितलं होतं. तिने लगेच ऐकलं आणि साधे पांढरे टिश्यू आणवले, पन्नास रुपयांचं काम.

आता अर्धा स्टार कुठे गेला ते. एक, मोल्ड ब्राऊन असल्यामुळे बाजूने केक किती भाजलाय ते कळतच नाही, सुरीवरच भरवसा ठेवायचा. दुसरं, गरम असताना एकट्या मोल्डला उचलला तर मधे वाकतो आणि केकला चीर पडते, ट्रेसकट बाहेर काढून पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका, तासभर तरी. तिसरं, याला झाकण नसतं, पिशव्या वेगळ्या घ्याव्या लागतात. आणि केक कोमट असताना पिशवीत घातला तर आत वाफ धरून वरचा पापुद्रा चिकट होतो, आमचे दोन तसे झाले, मग ते फोडींमध्ये कापले.

आठ मोल्ड उरलेत, ते महाशिवरात्रीनंतर माहेरी घेऊन जाणार आहे. तुम्ही घ्यायला गेलात तर सहा इंचीच मागा, आठ इंची २८ लिटरच्या ट्रेवर मला तीनच बसताना दिसले, आणि घेण्याआधी कोपरा दाबून बघा.