शिंगराच्या हाडांच्या नावाखाली विकलेला कोंडा

गेल्या वर्षी आमच्या मुळशीकडच्या पागेत सहा महिन्यांच्या शिंगराचे दूध तोडले, तेव्हा पुण्यातील एका खाद्यविक्रेत्याने 'हाडे व सांधे बळकट करणारी' भुकटी आमच्या गळ्यात मारली. दहा किलोच्या पिशवीचे २,४०० रुपये त्याने रोख घेतले आणि बिल 'नंतर पाठवतो' म्हणून टाळले. पिशवीवर चुनखडीचे चूर्ण हा मुख्य घटक आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण २:१ असे छापले होते. बॅच क्रमांकाची चौकट मात्र कोरी होती. रोज भुकटी ओटमध्ये मिसळा आणि लसूणघास हा हिरवा चारा बंद करा, असेही त्याने सांगितले. पिशवीपेक्षा हा सल्ला अधिक घातक ठरला, कारण लसूणघासात कॅल्शियम भरपूर असते आणि ओटमध्ये फॉस्फरस अधिक.

दोन महिन्यांत पुढच्या दोन्ही गुडघ्यांच्या लगेच वर फुगवटा दिसू लागला. तिथे हात ठेवताच शिंगरू पाय आखडून घेई. डॉक्टरांनी हाडाच्या वाढत्या टोकाला सूज असल्याचे सांगून आधी खुराक विचारला. त्या रात्री मी चमचाभर भुकटीवर लिंबू पिळले. चुनखडी असती तर फसफसली असती; इथे नुसता लगदा झाला आणि ओल्या कोंड्याचा वास आला. प्रयोगशाळेच्या अहवालात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट निघाले.

शिंगराच्या एकूण खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दुप्पट असावे लागते, कारण फॉस्फरस वरचढ झाले की कॅल्शियम नीट शोषले जात नाही आणि रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर ते वाढत्या हाडांतूनच ओढून घेते. तांबे आणि जस्तही लागतातच. दाणा जास्त देऊन वाढ झपाट्याने करणेही सांध्यांना बाधते, म्हणून डॉक्टरांनी आमचा ओटही कमी केला. ती चूक माझी होती.

ज्यांच्याकडे शिंगरे आहेत त्यांनी पक्के बिल, बॅच क्रमांक आणि घटकांचे छापील विश्लेषण हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. बिल नसल्यामुळे माझी बाजू लंगडी आहे. तरी उरलेली अर्धी पिशवी तोंड बांधून, अहवालासह पागेतल्या फळीवर जपून ठेवली आहे.