खुंटी कुणाला द्यायची? गिटारच्या दुकानासाठी डीलरशिप आणि मोकळी खरेदी

दादरला सव्वादोनशे चौरस फुटांचा गाळा घेतला तर भिंतीवर पस्तीस-चाळीस गिटारी कशाबशा मावतात. त्यामुळे मोठ्या कंपनीची डीलरशिप घ्यायची की घाऊकवाल्यांकडून आणि छोट्या भारतीय कारखानदारांकडून सुटी खरेदी करायची, याचा हिशोब टक्क्यांत करू नका, खुंटीवर करा. (सुराची खुंटी नव्हे, भिंतीवरची.)

जीएसटी बाजूला ठेवून एक उदाहरण धरू. ब्रँडची 10,000 ची गिटार, मार्जिन 15 टक्के, महिन्यात खपते. अनोळखी नावाची 5,000 ची, मार्जिन 30 टक्के, खपायला अडीच महिने. दोन्हीत सुटतात 1,500. अडकलेल्या पैशावर परतावाही दोन्हीकडे महिन्याला 17 टक्क्यांच्या आसपास. पण ब्रँडची खुंटी महिन्याला 1,500 देते आणि दुसरी 600. मुंबईत भाडं खुंटीचं भरावं लागतं, म्हणून इथे ब्रँड पुढे.

मात्र हवं तेच मॉडेल मिळालं तर! पहिल्या ऑर्डरीत चालणाऱ्या मॉडेलांबरोबर महागडी दोन-चार गळ्यात पडतात. 45,000 ची गिटार आठ महिने लटकली, तर 15 टक्क्यांनी 6,750 सुटले. महिन्याला 850 सुद्धा नाहीत, आणि 38,250 तेवढा वेळ अडकून. म्हणून सहीआधी मॉडेलवार किमान खरेदी, न खपलेला माल बदलून घेण्याची मुदत, उधारीचे दिवस आणि भाव उतरल्यास पडून असलेल्या मालाचा फरक, हे सगळं लेखी घ्या. वर्षअखेरच्या क्रेडिट नोटची (म्हणजे पुढच्या बिलातून वजा होणाऱ्या सवलतीची) तोंडी स्कीम हिशोबात धरूच नका.

भावाचं कलमही नीट वाचा. दुकानदारांना ऑनलाइन किमान भाव बांधून दिल्याबद्दल ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने जानेवारी 2020 मध्ये गिटारवाल्या फेंडरच्या युरोपीय कंपनीला 45 लाख पौंड दंड केला होता. आपल्याकडे स्पर्धा कायदा, 2002 चं कलम 3(4) अशा अटींना लागू होतं. सरसकट बंदी नाही. स्पर्धेला मार बसतो का, ते पाहिलं जातं. कंपनी स्वतः ऑनलाइन विकत असेल आणि तुमचा भाव मात्र बांधलेला असेल, तर तुमची भिंत म्हणजे तिची फुकटची शोरूम.

मोकळ्या खरेदीत हात मोकळे, पण पैसे लवकर मोजावे लागतात. विकणारा कारखानदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करारातही 45 दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही. करार नसेल तर 15 दिवस. उशीर केला तर चक्रवाढ व्याज, शिवाय तो खर्च आयकरात पैसे दिलेल्या वर्षीच धरला जातो. नुसत्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हा नियम नाही. आयात माल घेताना खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी नसेल तर तो परत पाठवा.

आमचा कौल: एकच ब्रँड, निम्म्या खुंट्यांपर्यंत, तोही पहिल्या ऑर्डरीतली मॉडेलं तुम्हाला निवडू देत असेल तर. उरलेल्या भिंतीवर सुटा माल.

सेटअपचं (गिटार नीट वाजेल अशी जुळवून देण्याचं) कलम मात्र सहसा कुणी विचारत नाही. जुलैत खोकं उघडलं की सॉलिड टॉपच्या (पुढची फळी अस्सल लाकडाची, प्लायची नव्हे) गिटारीचा ब्रिजमागचा (फळीवर तारा अडकवायच्या पट्टीमागचा) भाग फुगलेला दिसतो आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड तारेची उंची अडीचऐवजी साडेतीन मिलिमीटर भरते. दमटपणाचा बिघाड बहुतेक वॉरंटीत बसत नाही, म्हणजे काम तुमच्याच गळ्यात. आधी मान तपासा. ती पुढे झुकली असेल तर ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या सळईला) एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. तरीही उंची उरली, तर 1 मिलिमीटर उतरवायला सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) 2 मिलिमीटर घासावं लागतं. ही घासाघीस कंपनीचं सॅडल न घासता दुसऱ्या सॅडलवर करा, आणि त्याने वॉरंटी जात नाही असं करारात लिहून घ्या. हिवाळ्यात लाकूड सुकून टॉप बसला की तारा फ्रेटवर झणझणू लागतात. तेव्हा मूळ सॅडल परत घालता यावं म्हणून ते गिऱ्हाइकाच्या बॅगेच्या खिशात टाकून द्या.