‘फोटो काढून टाकतो’ म्हणणाऱ्याला फोटो मीच दिला

मी कराडच्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. ‘काका, ओटीपी कुणाला सांगू नका’ हे रोज दहा जणांना सांगते. त्यामुळे हे लिहिताना जरा जास्तच लाज वाटतेय. पण लाजेपायीच माझे 18,500 रुपये गेले, तेव्हा ती आता राहू दे बाजूला.

डिसेंबर 2024 मध्ये माझा साखरपुडा झाला. मुलगा पुण्यात नोकरीला. रात्री उशिरापर्यंत फोन चालायचे आणि एकदा मी त्याला एक फोटो पाठवला. कसला, ते तुम्हाला कळलंच असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो एकदाच दिसेल असा पर्याय असतो, तो लावून पाठवला. त्यात समोरच्याला फोटो सेव्ह करता येत नाही, पुढे ढकलता येत नाही, स्क्रीनशॉटही निघत नाही. फक्त दुसरा फोन घेऊन त्या स्क्रीनचाच फोटो काढता येतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

मार्चमध्ये लग्न मोडलं. फ्लॅटसाठी त्यांची मागणी वाढत गेली, बाबांनी हात जोडले. त्यानंतर आठवडाभरात एका दुपारी वहिनीचा फोन आला. ‘एकटी आहेस का? आधी दार लाव.’ तिला अनोळखी नंबरवरून तो फोटो आला होता. मावसभावालाही. वहिनीने माझ्या काळजीने तो लगेच डिलीट केला, नंबरसुद्धा ब्लॉक केला. आई म्हणाली, ‘सगळं पुसून टाका, विषय संपला.’

विषय कसला संपतोय! दोन दिवसांनी इन्स्टाग्रामवर माझ्या नावाचं खोटं खातं निघालं आणि त्यावर तोच फोटो.

मी काय केलं, तर रात्री दोन वाजता नेटवर शोधत बसले. ‘खासगी फोटो 2 तासांत इंटरनेटवरून कायमचे हटवतो, पूर्ण गुप्तता’ अशी एक जाहिरात सापडली. माणूस फोनवर अतिशय नम्र. ‘ताई, घाबरू नका, रोज अशा चार केस येतात.’ पोलिसांत जाऊ नका, पेपरात नाव येईल, असंही सांगितलं. नोंदणीचे 2,500 घेतले. मग सर्व्हरचे म्हणून 6,000. मग जीएसटी वगैरे धरून 10,000. आणि फोटो शोधायचा तर ‘स्कॅन’साठी मूळ फोटो हवा म्हणाला. माझ्याकडे तर तो नव्हताच. मावसभावाकडून मागवून घेतला. ‘पाठवतो’ एवढाच त्याचा मेसेज आला. आणि मी स्वतःच्या हाताने तो फोटो एका अनोळखी माणसाला दिला, सोबत माझं खरं नाव आणि आधार कार्ड.

चौथ्या दिवशी ‘ताई’चं ‘तू’ झालं. आणखी 25,000 दे, नाहीतर तुझ्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो.

तेव्हा कुठे दादाला सांगितलं. तो ओरडेल म्हणून इतके दिवस गप्प होते. तो ओरडला नाही, गाडीची किल्ली घेऊन उठला. पहिल्या ठाण्यात ‘असले फोटो काढायचेच कशाला?’ ऐकून घेतलं. मग जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, ‘मूळ मेसेज कुणाच्या फोनमध्ये आहे?’ वहिनीने पुसलेला. मावसभावाने मात्र काही पुसलं नव्हतं, पाठवणाऱ्याच्या नंबरासकट. त्याचा राग आला होता मला, ठेवलाच कशाला म्हणून. तोच पुरावा ठरला.

मॅडमनी फोटो मोठा केला. मी तो पन्नास वेळा पाहिला होता, पण पाहिलं होतं ते फक्त स्वतःला. त्यांनी कडेला बोट ठेवलं. स्क्रीनवर लाटांसारख्या रेघा, फोन धरलेली चार बोटं आणि एका बोटात पुष्कराजाची अंगठी. साखरपुड्यासाठी बाबांनी सोनाराकडे दोनदा फेऱ्या मारून घडवलेली.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये स्पष्ट म्हटलंय, की बाईने फोटो काढायला संमती दिली असली तरी तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं गुन्हा आहे. म्हणजे ‘पाठवलास कशाला’ हा प्रश्न कायद्यालाच पडत नाही. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66ई लागलं. लग्नाचं आमिष दाखवून घेतलेले फोटो नेटवर टाकणाऱ्याला 2018 मध्ये पश्चिम बंगालमधल्या तामलुकच्या कोर्टाने 5 वर्षं दिली होती, हे वकिलांनी सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा नीट जेवली.

खोटं खातं उतरवायला एक पैसा लागला नाही. अशा फोटोची तक्रार आली की 24 तासांत तो काढण्याचं बंधन 2021 च्या नियमांनी कंपन्यांवर घातलं होतं. मी अ‍ॅपमधूनच रिपोर्ट केलं, दुसऱ्या दिवशी खातं गेलं. याच कामाचे मी 18,500 मोजले होते! शिवाय स्टॉपएनसीआयआय डॉट ओआरजी ही मोफत सोय आहे. तिथे फोटो कुठेच पाठवायचा नसतो, तुमच्याच फोनमध्ये त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो. त्यासाठी पसरलेली प्रत हाताशी लागते, म्हणून घाईने पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर खासगीत फिरणाऱ्या प्रती मात्र त्याने थांबत नाहीत.

पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण नवव्या दिवशी. तोवर रक्कम तीन खाती ओलांडून गेली होती. लगेच केला असता तर काही गोठवता आली असती, असं तिकडून सांगितलं. धमकी देणारा पुन्हा बोलला नाही. एफआयआरचा फोटो पाठवल्यावर ब्लॉक करून गेला.

दोषारोपपत्र दाखल झालंय, तारखा पडताहेत. लग्न मोडल्यावर त्यांचे दागिने आम्ही परत केले, अंगठी मात्र त्यांच्याकडेच राहिली होती. बाबा मागायला निघाले होते. आता ती जप्तीच्या पंचनाम्यात आहे, वजनासकट.