शीळकरी कस्तूर की पिसोरी?

पावसाळ्यात दोन दिवस काढून कोकणातल्या जंगलात जाणार असाल, तर पिसोरी या इवल्याशा प्राण्याऐवजी शीळकरी कस्तूर या पक्ष्याच्या मागे जा. आंबोलीत झुंजुमुंजू व्हायच्या आधीच ओढ्याकाठून शीळ येते. कुणी पोरगा आपल्याच नादात चाललाय अशी. सूर वर चढतो, मध्येच घसरतो, पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा ऐकणारा तर आजूबाजूला माणूसच शोधतो. पक्षी आधी नुसता काळा वाटतो. उजेड पडला की कपाळ आणि खांदे लख्ख निळे! पावसाळा त्याच्या विणीचा काळ, घरटं वाहत्या पाण्याजवळच्या कपारीत. म्हणून ओढे भरले की गाणंही भरात येतं.

पिसोरीचं सगळं उलट. खांद्यापाशी जेमतेम ३० सेंटिमीटर उंच, वजन तीनेक किलो, वावर रात्रीचा. गळलेली फळं आणि पाला खायचा, दिवसा ढोलीत किंवा खडकाच्या फटीत दडायचं. लोक तिला हरीण म्हणतात, पण खऱ्या हरणांच्या कुळातली ती नव्हेच. शिंगं नाहीत, नराला सुळे, पोट चारऐवजी तीन कप्प्यांचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, तरी सशासाठी लावलेल्या फासकीत तीही अडकू शकते, याचं मला फार वाईट वाटतं.

बॅटरीचा झोत मारत तिला हुडकू नका. कस्तुरासाठी पहाटे छत्री घेऊन ओढ्यावरच्या मोरीवर उभं राहिलं तरी पुरतं.